व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक कसा निवडावा: आधी फाइल, मग डिस्क, मग बाकीचे

व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक घ्यायला निघालेला नवखा माणूस बहुतेक वेळा प्रोसेसरच्या नावापासून सुरुवात करतो, मग ग्राफिक्स कार्डावर येतो, आणि सगळे ठरून झाल्यावर उरलेल्या पैशांत जी मिळेल ती हार्ड डिस्क घेतो. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसर दोन वर्षांनी बदलता येतो, रॅम वाढवता येते. पण हळदीचे, सप्तपदीचे किंवा एखाद्या वयोवृद्ध कीर्तनकाराच्या मुलाखतीचे चित्रीकरण डिस्कबरोबर गेले, तर ते कितीही पैसे मोजून परत मिळत नाही. म्हणून या लेखात आधी कॅमेऱ्यातून येणारी फाइल, मग ती ठेवायची जागा आणि त्यानंतर ती चालवणारे हार्डवेअर असा क्रम ठेवला आहे. उदाहरणासाठी तालुक्याच्या गावात लग्नकार्याचे चित्रीकरण करणारा, दोन कॅमेरे आणि एक ड्रोन बाळगणारा छोटा स्टुडिओ डोळ्यांपुढे धरला आहे. त्या कामाला पुरणारा संगणक लघुपटाला, यूट्यूबवरच्या मालिकेला किंवा संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाच्या चित्रफितीलाही पुरतो.

पायरी १: आपली फाइल ओळखा

संगणकाला किती जोर लागणार हे कॅमेऱ्याच्या किमतीवरून ठरत नाही, आणि नुसत्या ‘फोर-के’ (३८४० बाय २१६० पिक्सेलचे चित्र) या शब्दावरूनही ठरत नाही. फाइल कोणत्या पद्धतीने आकसून लिहिली आहे यावरून ते ठरते. मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्यावा, आपल्या कॅमेऱ्याची, ड्रोनची आणि मोबाइलची एकेक फाइल त्यात उघडावी आणि चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोडेक (आकसण्याची पद्धत) कोणता, रंगाची खोली (छटा किती बारकाईने नोंदल्या) ८ बिट की १० बिट, क्रोमा (रंगाची माहिती किती राखली) ४:२:० की ४:२:२, आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहिला जातो) किती.

एच.२६४ आणि एच.२६५ या कोडेकमध्ये सहसा प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतले एकेक चित्र, पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या बहुतेक फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदलले, एवढीच नोंद असते. त्यामुळे टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, मध्येच कुठे थांबले, तर संगणकाला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून आपल्या जागेपर्यंतची चित्रे पुन्हा रचावी लागतात. फाइल लहान राहते, पण प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) पुढे-मागे ओढताना सगळा भार प्रोसेसरवर किंवा ग्राफिक्समधल्या डिकोडरवर (फाइल उलगडणाऱ्या भागावर) पडतो. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. ती उलगडायला सोपी असते, मात्र जागा भरपूर घेते आणि तिथे भार डिस्कवर येतो. एवढी एक गोष्ट नीट समजली की पुढची निम्मी खरेदी आपोआप ठरत जाते, म्हणून इथे घाई करू नये.

मोबाइलच्या फाइलींबाबत एक वेगळी सूचना. बहुतेक मोबाइल फ्रेमचा वेग कमी-जास्त करत चित्रीकरण करतात, आणि मीडियाइन्फोमध्ये तिथे ‘व्हेरिएबल’ असे दिसते. अशा लांब फाइलीत आवाज हळूहळू चित्रापासून सुटू लागतो. नवा संगणक घेऊन ही अडचण जात नाही. हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रामने ती फाइल आधी स्थिर फ्रेमच्या वेगात बदलून घ्यावी लागते.

पायरी २: जागेचा हिशेब कागदावर मांडा

बिटरेट मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो आणि डिस्क मेगाबाइटमध्ये मोजली जाते. ८ बिट म्हणजे १ बाइट. सेकंदाला १०० मेगाबिट लिहिणारा कॅमेरा सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी भरतो. आपल्या स्टुडिओने एका लग्नात दोन्ही कॅमेऱ्यांवर मिळून १२ तास चित्रीकरण केले, तर ५४० जीबी झाले. ड्रोनचे त्याच बिटरेटचे अर्ध्या तासाचे चित्रीकरण सुमारे २२ जीबी घेईल. स्वतंत्र रेकॉर्डरवरचा आवाज, छायाचित्रे आणि संगीत धरले, तर एका लग्नाला ६०० जीबी हा आकडा धरून चालावे.

त्यात प्रॉक्सी फाइली, म्हणजे एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या प्रती, मिळवायच्या. १०८० पिक्सेलच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रोरेस प्रॉक्सी तासाला साधारण १७ जीबी घेतात, म्हणजे १२ तासांना सुमारे २०० जीबी. याउलट कोणी उत्साहाने तेच सगळे फुटेज फोर-के प्रोरेस ४२२ एचक्यू या जड प्रकारात बदलायचे ठरवले, तर २५ फ्रेमला तासाला सुमारे ३३२ जीबी लागतील आणि एकटे लग्न ४ टीबीच्या आसपास जाईल. छोट्या स्टुडिओला ही चैन परवडत नाही आणि तिची गरजही नसते. प्रॉक्सीवर काम करून शेवटी मूळ फाइलींवरून एक्सपोर्ट करणे (अंतिम चित्रफीत काढणे) हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. त्या मोसमात १२ कामे घेतली, तर केवळ मूळ फुटेज ७ टीबीच्या वर जाईल. ग्राहकाला चित्रफीत दिल्यानंतर ते किती महिने ठेवायचे हे आधी ठरवून, शक्यतो करारात लिहून ठेवावे. कारण डिस्कची खरेदी शेवटी याच एका आकड्यावर अवलंबून राहते. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात, आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दुकानदाराने फसवले असे त्यावरून समजू नये, मात्र हिशेबात ही तूट धरावी.

पायरी ३: तीन कामांसाठी तीन जागा

विंडोज व सॉफ्टवेअर, चालू प्रकल्प, आणि संपलेली कामे या तीन गोष्टी तीन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. एकाच मोठ्या डिस्कचे विभाग पाडून हे साधत नाही, कारण ती डिस्क बंद पडली की सगळे विभाग एकदम जातात.

विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबी ते १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) पुरते. चालू कामासाठी दुसरी, २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. वरच्या हिशेबाने तिच्यात दोन लग्ने प्रॉक्सीसह मावतात आणि थोडी जागा मोकळी राहते. ती मोकळी जागा आवश्यक आहे. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग घसरतो, म्हणून १५ ते २० टक्के जागा नेहमी रिकामी ठेवावी. प्रीमियरची मीडिया कॅश किंवा दाविंची रिझॉल्व्हची कॅश (या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) मुळात सी ड्राइव्हवर जाते, आणि थोड्याच दिवसांत तो ड्राइव्ह भरून संगणक मंदावतो. सॉफ्टवेअर बसवल्यावर पहिल्यांदा ही जागा सेटिंगमध्ये जाऊन बदलावी.

आता वेगाचे आकडे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सलग फाइल वाचताना साधारण १५० ते २५० मेगाबाइट प्रति सेकंद देते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी ५५० पर्यंत, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५०० पर्यंत आणि चौथ्या पिढीची ७००० पर्यंत. हे वाचून नवखा माणूस सर्वांत मोठ्या आकड्याकडे धावतो. पण आपल्या दोन कॅमेऱ्यांचे फुटेज एकत्र चालवायला सेकंदाला फक्त २५ मेगाबाइट लागतात. कागदावर ते हार्ड डिस्कलाही जमावे. प्रत्यक्षात अडखळते, कारण दोन कॅमेरे, आवाज आणि कॅश यांच्या फाइली डिस्कवर वेगवेगळ्या जागी असतात, हार्ड डिस्कचे वाचणारे हेड दर वेळी तिथे सरकावे लागते आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. एसएसडीत असे सरकणारे काही नसते. म्हणजे खरा फायदा हार्ड डिस्कवरून कोणत्याही चांगल्या एसएसडीवर येण्यात आहे. तिसऱ्या पिढीवरून पाचव्या पिढीवर जाण्यात या कामापुरता तो जवळजवळ जाणवत नाही. तो फरकाचा पैसा जास्त जागेसाठी वापरावा.

एसएसडी निवडताना पिढीपेक्षा आतली मेमरी कोणती हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. टीएलसी आणि क्यूएलसी असे दोन प्रकार बाजारात सर्रास मिळतात. क्यूएलसी स्वस्त असते आणि सुरुवातीला तितकीच वेगवान भासते, कारण आलेला डेटा आधी तिच्या एका वेगवान राखीव भागात उतरतो. लग्नाचे ६०० जीबी एकदम ओतले की तो भाग भरतो, आणि मग लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्या पातळीपर्यंत उतरू शकतो. रोज मोठ्या फाइली उतरवणाऱ्याने टीएलसीच घ्यावी. खोक्यावर किंवा निर्मात्याच्या संकेतस्थळावर टीबीडब्ल्यू हा आकडाही असतो, म्हणजे वॉरंटीच्या हिशेबाने त्या डिस्कवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कला तो बहुधा ६०० च्या आसपास असतो. त्यापेक्षा फारच कमी दिसला तर कारण विचारावे.

एम.२ हा केवळ एसएसडीच्या खाचेचा आकार आहे. त्याच आकारात साटाच्या वेगाची एसएसडीही मिळते, म्हणून बिलावर ‘एनव्हीएमई’ असे लिहून घ्यावे. अनेक मदरबोर्डवर विशिष्ट एम.२ खाच वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ती पुस्तिका खरेदीपूर्वी संकेतस्थळावर वाचता येते. दोन एनव्हीएमई आणि दोन हार्ड डिस्क जोडायचा बेत असेल, तर हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

संपलेल्या कामांसाठी मात्र हार्ड डिस्कच योग्य. ती प्रति टेराबाइट स्वस्त पडते, आणि दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते: वीज न देता कपाटात ठेवलेल्या एसएसडीतला डेटा कायम टिकत नाही. आयुष्य वापरून झालेल्या साध्या एसएसडीने ३० अंश तापमानात वर्षभर डेटा धरून ठेवावा, एवढीच अपेक्षा इलेक्ट्रॉनिक भागांची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात आहे, आणि तापमान वाढले की हा काळ कमी होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद कपाटात एसएसडी ठेवून ती आपली कायमची प्रत समजणे धोक्याचे आहे.

हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर (पट्टे शेजारी-शेजारी लिहिण्याच्या) पद्धतीची आहे ना, हे मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या तक्त्यात पाहावे. एसएमआर पद्धतीत पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि मोठी कॉपी करताना वेग कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले, तेव्हा नॅस (नेटवर्कवर जोडलेल्या डिस्क) वापरणाऱ्यांत मोठी नाराजी पसरली आणि त्यानंतर कंपन्यांनी हे तक्ते प्रसिद्ध केले. ती माहिती आता एका शोधाच्या अंतरावर आहे, तर ती वापरावी.

पायरी ४: दुसरी प्रत खर्चात धरा

मूळ फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक वेगळ्या इमारतीत, असा एक सर्वमान्य नियम आहे. छोट्या स्टुडिओने तो असा पाळावा: चालू कामाची एसएसडी ही एक प्रत, संगणकातली ८ टीबीची हार्ड डिस्क ही दुसरी, आणि तशीच एक बाहेरची हार्ड डिस्क ही तिसरी. ही तिसरी डिस्क कॉपी झाल्यावर काढून घरी न्यावी. स्टुडिओ आणि घर एकाच इमारतीत असेल, तर ती नातेवाइकांकडे ठेवावी. आग, चोरी आणि पावसाळ्यात तळमजल्यात शिरणारे पाणी शेजारच्या दोन डिस्कमध्ये भेद करत नाही. काम ग्राहकाच्या हाती पडून एसएसडीवरून पुसले की दोनच प्रती उरतात, आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या दोन्ही राहायलाच हव्यात.

रेड (आरएआयडी) पद्धतीने, म्हणजे एकाच डिस्कसारख्या चालतील अशा, दोन डिस्क जोडल्या म्हणजे बॅकअप झाला, हा समज चुकीचा आहे. रेड १ मध्ये दोन्हीकडे तोच डेटा असतो, म्हणून एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते आणि व्हायरस दोन्हीकडे सारखाच पसरतो. रेड ० मध्ये डेटा दोन्हींवर वाटला जाऊन वेग मिळतो, पण कोणतीही एक डिस्क गेली की सगळेच जाते. मूळ फुटेज त्यावर कधीही एकटे ठेवू नये.

कार्ड उतरवण्याची शिस्त याच पायरीत येते. कार्डावरून दोन ठिकाणी कॉपी करावी आणि चेकसमने (प्रत मुळाशी तंतोतंत जुळते का हे दाखवणाऱ्या आकड्याने) तपासणारे साधन वापरावे. दाविंची रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल त्यासाठीच आहे. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. कार्ड रीडरही बरा घ्यावा. यूएचएस-१ या वेगश्रेणीचे कार्ड मानकानुसार सेकंदाला जास्तीत जास्त १०४ मेगाबाइट देऊ शकते आणि यूएचएस-२ कार्ड ३१२. पण यूएचएस-२ कार्ड जुन्या रीडरमध्ये घातले तर ते यूएचएस-१ च्याच वेगाने उतरते, आणि रात्री वरातीनंतर ६०० जीबी उतरवणाऱ्याला हा फरक तासांत मोजावा लागतो.

पायरी ५: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

इथे पहिल्या पायरीतला कागद पुन्हा हातात घ्यावा.

फाइली ८ बिट ४:२:० असतील, तर गेल्या काही वर्षांतले जवळपास कोणतेही ग्राफिक्स कार्ड त्या स्वतःच्या डिकोडरवर सहज चालवते. एच.२६५, १० बिट, ४:२:२ असेल तर निवड काळजीपूर्वक करावी लागते, कारण हा प्रकार उलगडणारे डिकोडर मोजकेच आहेत. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स हे करते, आर्क मालिकेतली इंटेलची कार्डे करतात, आणि एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. एएमडीच्या रायझेन ७००० आणि ९००० मालिकांतल्या अंगभूत ग्राफिक्सला ती नाही. यातून एक व्यवहारी नियम निघतो: ४:२:२ चे फुटेज असेल आणि ग्राफिक्स कार्ड जुन्या मालिकेतले घ्यायचे असेल, तर इंटेलचा प्रोसेसर घ्यावा आणि त्याच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ नसावा. ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स बंद असते. थोडे पैसे वाचवण्यासाठी तो घेतला, की नेमका आपल्याला हवा असलेला डिकोडरच हातातून जातो. एच.२६४ मधले १० बिट ४:२:२ फुटेज इंटेलचा हा डिकोडर घेत नाही. त्यासाठी आरटीएक्स ५० मालिका किंवा प्रॉक्सी हेच पर्याय उरतात.

ग्राफिक्स कार्डात कोअरच्या संख्येआधी मेमरी पाहावी. फोर-के टाइमलाइनला ८ जीबी ही किमान मर्यादा मानावी. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणे), रिझॉल्व्हच्या फ्यूजन पानावरचे परिणाम किंवा रंगसंस्काराचे अनेक थर लावणाऱ्याने १२ किंवा १६ जीबीचे कार्ड घ्यावे. मेमरी अपुरी पडली की रिझॉल्व्ह हळू होऊन भागत नाही, ते सरळ मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबते, आणि तो संदेश बहुधा एक्सपोर्टच्या अर्ध्यावर येतो. म्हणून जुन्या मालिकेतले १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० काही कामांत नव्या ८ जीबीच्या कार्डापेक्षा उपयोगी पडते.

सॉफ्टवेअरनुसार भार बदलतो. रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर अधिक अवलंबून असते. प्रीमियरला प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही लागतात. आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरला वेगवान प्रोसेसर आणि भरपूर रॅम हवी. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकण्यासाठी उत्तम आहे आणि ३८४० बाय २१६० पर्यंत, ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट करू देते; टेम्पोरल नॉइज रिडक्शन मात्र पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे. विंडोजवरच्या मोफत आवृत्तीत १० बिट फाइलींवरही बंधने आहेत, तेव्हा हार्डवेअर घेण्यापूर्वी मित्राच्या संगणकावर आपल्या फाइली तिच्यात उघडून पाहाव्यात. लिनक्सवरची मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाही. एकदा पैसे भरून मिळणारी स्टुडिओ आवृत्ती अनेकदा महागड्या कार्डापेक्षा जास्त वेग देऊन जाते, आणि ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

अॅपलच्या मॅक मिनीचाही विचार करावा. २०२४ चे एम४ मॉडेल किमान १६ जीबी मेमरीसह येते, आणि त्यातले मीडिया इंजिन ४:२:२ चे एच.२६५ आणि प्रोरेस दोन्ही सहज चालवते. मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच २४ किंवा ३२ जीबी घ्यावी आणि फुटेज बाहेरच्या एसएसडीवर ठेवावे. अॅपलचे फायनल कट हे एडिटिंग सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही, तेव्हा ते शिकायचे ठरले असेल तर प्रश्नच उरत नाही.

पायरी ६: रॅम

३२ जीबी. एकच कांडी न घेता १६ जीबीच्या दोन घ्याव्यात, म्हणजे मेमरीकडे जाणारे दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरात येतात. आफ्टर इफेक्ट्सचे काम नियमित असेल तर ६४ जीबी. पुढे वाढवायचे असेल तर चार कांड्या लावण्याचा बेत करू नये, कारण डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या चार कांड्या असल्या की अनेक मदरबोर्ड वेग खाली आणतात. जास्त जीबीच्या दोनच कांड्या घेणे श्रेयस्कर.

पायरी ७: वीज, उष्णता आणि दमट हवा

आपल्याकडे संगणक बिघडण्यामागे या तीन गोष्टी फार असतात, आणि खरेदीच्या यादीत त्या सर्वांत शेवटी येतात.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा खोका, नामांकित कंपनीचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचा) ब्राँझ किंवा गोल्ड दर्जाचा घ्यावा. मध्यम ग्राफिक्स कार्डाला ६५० वॅट पुरेसे होतात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस वापरू नये. यूपीएसचा आकडा व्हीएमध्ये असतो आणि प्रत्यक्ष वॅट त्याहून कमी: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. रेंडर चालू असताना संगणक आणि मॉनिटर मिळून तेवढा भार सहज गाठतात, आणि वीज गेली की असा यूपीएस सांभाळण्याऐवजी स्वतःच बंद पडतो. १ ते १.५ केव्हीएचा, शक्यतो शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस घ्यावा. आजच्या चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही वेळा मानवत नाही. त्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. प्लगला तीन पिना असल्या म्हणजे भिंतीत अर्थिंग असतेच असे नाही.

नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत कॅबिनेट भिंतीला चिकटवू नये, पुढून हवा आत आणि मागून बाहेर असा पंख्यांचा प्रवाह ठेवावा, आणि काचेच्या बंद दर्शनी भागापेक्षा जाळीचा भाग असलेले कॅबिनेट निवडावे. एनव्हीएमई एसएसडी तापली की आपला वेग स्वतःच कमी करते, म्हणून तिच्यावर मदरबोर्डसोबतची धातूची पट्टी बसवली आहे ना, हे पाहावे. पट्टीखालच्या चिकट पॅडवरचे प्लास्टिक काढायचे राहून जाते, तेही तपासावे. कोकणात आणि गोव्यात प्रश्न दमटपणाचा असतो. तिथे कपाटातल्या हार्ड डिस्क सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि दर काही महिन्यांनी जोडून चालवून पाहाव्यात.

मॉनिटरबाबत थोडक्यात: आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारे) आणि एसआरजीबी या प्रमाण रंगसंचाची पूर्ण रंगव्याप्ती पाहावी. या कामात रीफ्रेशचे मोठे आकडे दुय्यम आहेत.

पायरी ८: खरेदी आणि पहिला आठवडा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एकाच दिवशी पाच-सहा दुकानांत सुट्या भागांचे दर विचारता येतात. गावातल्या विश्वासू असेंबलरकडून घेतले तर दर थोडा जास्त पडतो, पण बिघाड झाला की माणूस घरी येतो. नवख्याला मी दुसरा मार्ग सुचवेन. कुठूनही घेतले तरी जीएसटीचे बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक आग्रहाने घ्यावा, आणि हार्ड डिस्कची वॉरंटी निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाने दुकानातच तपासावी. ही खबरदारी अनाठायी नाही: आधी वापरलेल्या हार्ड डिस्क, चालल्याच्या तासांची नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत उघड झाले होते.

जुना संगणक घेणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या ८ व्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही जास्त शक्तीच्या प्रोसेसरमध्ये २०२४ मध्ये अस्थिरतेचा दोष मान्य झाला आणि त्यावर बायोसमार्फत, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमार्फत, दुरुस्ती आली. असा प्रोसेसर जुना घेताना तो आधी दुरुस्तीविना किती वापरला गेला हे कळत नाही, म्हणून तो टाळलेला बरा, आणि नवा घेतल्यास बायोस पहिल्याच दिवशी अद्ययावत करावा.

संगणक घरी आल्यावर पहिला आठवडा त्यावर ग्राहकाचे काम घेऊ नये. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये प्रत्येक डिस्कचे चाललेले तास पाहावेत. नव्या डिस्कवर ते नगण्य असायला हवेत. एसएसडीवर एकदम ३००-४०० जीबी कॉपी करून वेग कुठे घसरतो हे बघावे. मग आपल्या जुन्या कामातल्या खऱ्या फाइली टाइमलाइनवर चालवाव्यात आणि टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स विभाग शेजारी उघडा ठेवावा. चित्र अडखळत असताना ग्राफिक्सच्या रकान्यातला व्हिडिओ डिकोडचा आलेख शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर फाइल हार्डवेअरवर उलगडत नाही. सेटिंग, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासावी किंवा प्रॉक्सी बनवाव्यात. डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसत असेल, तर फुटेज चुकून हार्ड डिस्कवरून चालले आहे. रॅम भरलेली दिसली, तरच रॅम वाढवण्याचा विचार करावा. दोन तासांचे एक्सपोर्ट लावून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढावा आणि संगणक किती मिनिटे तग धरतो ते मोजावे. शेवटी बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीतून एक पूर्ण प्रकल्प दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, आणि तो फाइली न हरवता उघडेपर्यंत जुन्या संगणकावरचे काहीही पुसू नये.